प्रागमधला शनिवार

बाई,

शनिवार, आठ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. प्रागमधल्या त्या जुन्या सिनेगॉगचं दार बंद होतं. नुसतं लोटलेलं नव्हे, चक्क कुलूप. बाहेर पाटी होती आणि तिच्यावर एका ओळीत शनिवारचा निकाल लावलेला होता. एकाहत्तराव्या वर्षी उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून मी शारजाहून तिथवर गेले ती काही पाटी वाचायला नव्हे. माझ्या पर्समध्ये तुम्ही दिलेली चिठ्ठी होती, प्लास्टिकच्या पाकिटात, पासपोर्टच्या शेजारी. आतल्या भिंतीवर लिहिलेलं एक नाव शोधायचं आणि त्याच्यासमोर उभं राहून ते मोठ्याने वाचायचं, व्याकरण सोडलं तर एवढं एकच काम तुम्ही मला आयुष्यात सांगितलंत. ते करायला मी चाळीस वर्षांनी गेले आणि दाराबाहेर उभी राहून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमचं विमान होतं.

रागात पत्र लिहू नये, दोन दिवस थांबावं, असं तुम्हीच सांगायचात. मी तीन दिवस थांबले. आज मंगळवार आहे आणि राग तसाच आहे. तुम्हाला माहीत नसेल, पण इथल्या एका शाळेच्या ऑफिसात मी एकोणतीस वर्षं काढली. एसीवाले, बसवाले, पुस्तकं पुरवणारे, सगळे माझ्या पत्रांना टरकून असायचे. घटनेची तारीख आणि वेळ पहिल्या ओळीत, लेखी उत्तराची मुदत शेवटच्या ओळीत, मध्ये काय तो समाचार. आमचे प्रिन्सिपल म्हणायचे, "मॅडम, तुमच्या पत्रापेक्षा कोर्टाची नोटीस बरी." ह्या प्रकरणातही मी रविवारी विमानातच पत्र लिहायला घेतलं होतं. पहिलं ट्रॅव्हल एजंटला. ते अर्धं झाल्यावर दुसरं मुलाला, जो माझ्या शेजारच्याच सीटवर घोरत होता. दोन्ही फाडली. तुम्हाला का लिहिते आहे ते कळेलच, पण त्याआधी चिठ्ठीची हकीकत मला क्रमाने मांडू द्या. मध्येच काही सुटलं तर तुम्ही लाल रेघ मारणार, हे मला ठाऊक आहे.

मी नवऱ्यापाठोपाठ शारजाला निघाले तेव्हा तुमचा निरोप घ्यायला तुमच्या ठाण्याच्या घरी आले होते. शुक्रवारची दुपार. तुमची धांदल चाललेली, कारण सूर्य मावळायच्या आत दुसऱ्या दिवसाचंही जेवण करून ठेवायचं होतं. स्टोव्हवर नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण उकळतं आहे, आणि ओट्यावर परातीत मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर केळ्याचे काप आणि खजूर. मी सुखरूप पोचावी म्हणून तुम्ही एलियाहू नबीला नवस बोलला होतात आणि मी विमानात बसायच्या आधीच तो फेडत होतात. "नवस आगाऊ फेडतात का, बाई?" मी विचारलं. "तुझा भरवसा नाही," तुम्ही खजुराची बी काढत म्हणालात, "तू काही पत्र टाकणार नाहीस. मग मला कसं कळणार पोचलीस की नाही?" मी रागावले. पत्र टाकीन म्हणून शपथ घेतली. तुम्ही म्हणालात, "शपथ नको घेऊस, मलिदा घे."

मग हात पुसून तुम्ही डब्यामागून ती चिठ्ठी काढलीत. चौकटीच्या वहीचा कागद, वर रोमन अक्षरांत एक नाव आणि खाली तेच नाव तुमच्या वळणदार देवनागरीत. तुम्ही शाळकरी असताना भायखळ्याला तुमच्या वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी मॅडम राहायची, लढाईच्या आधी प्रागहून जीव वाचवून मुंबईला आलेली. तिने तुम्हाला काज करायला शिकवलं आणि तुम्ही तिला बाजारात भाव करण्यापुरतं मराठी. तिची धाकटी बहीण मागे राहिली होती. "पुढच्या बोटीने येते" असं तिचं शेवटचं पत्र. तशी बोट आलीच नाही. लढाई संपल्यावर बऱ्याच वर्षांनी मॅडमला कोणीतरी कळवलं की प्रागच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये, जर्मनांनी नेलेल्या सगळ्या ज्यूंची नावं भिंतींवर हाताने लिहिली आहेत, जमिनीपासून छतापर्यंत, आणि त्यांत बहिणीचंही आहे. मॅडमला जाणं जमलं नाही. मरताना तिने ते काम तुमच्याकडे दिलं. तुमचं जाणं म्हणजे पनवेलपर्यंत. तेव्हा तुम्ही ते माझ्याकडे दिलंत. "तू आता अर्ध्या वाटेवर राहणार," तुम्ही म्हणालात. तुमचा भूगोल तसा कच्चाच होता. "कधी गेलीस तर वाच. मनात नको, मोठ्याने वाच. तिचं नाव तिच्या माणसांपैकी कोणी तिथे वाचलेलं नाही. आणि तुझ्याने झालं नाही तर मला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

चाळीस वर्षं ती चिठ्ठी आमच्याबरोबर घरं बदलत राहिली. मी वेळ काढला नाही असं नाही. आधी मुलाची शाळा, मग नवऱ्याचं आजारपण, मग नोकरी सुटली म्हणजे व्हिसा मुलाच्या नावावर, आणि मुलगा कामाला पार दुबईच्या सिलिकॉन ओएसिसला, जो रोज सकाळ-संध्याकाळ मिळून साडेतीन तास शारजाच्या ट्रॅफिकमध्ये काढतो आणि घरी येऊन म्हणतो, "आई, प्लीज, आज कुठेच जायचं नाही." शेवटी ह्या वर्षी मी त्याला सांगितलं की मला वाढदिवसाला काही नको, प्राग पाहिजे. "प्रागच का? जॉर्जियाला जाऊ, सगळे जातात," तो म्हणाला. मी नुसती बघत राहिले. तो म्हणाला, "ओके, प्राग."

तर आठ तारखेला दहा वाजून दहा मिनिटांनी मी, मुलगा आणि अठरा वर्षांची नात, असे तिघं बंद दारापुढे. सून कोपऱ्यावरच्या पर्सच्या दुकानात शिरलेली. ती दुकानंही तीच हो, दुबईच्या मॉलमधली. जुनी ज्यू वस्ती पाडून एवढा रुंद रस्ता केला आणि त्यावर ह्या पर्सा लटकवल्या. ती दुकानं मात्र शनिवारी उघडी. बाकी सगळं बाहेरून पाहायचं. एक सिनेगॉग सातशे वर्षांहून जुनं, विटांच्या करवती शिखराचं, रस्त्याच्या पातळीखाली दबून बसलेलं. दुसऱ्याच्या कमानी आणि नक्षी अशी की उचलून शारजात ठेवलं तर कोणी वळून बघणार नाही. भिंतीतल्या एका जाळीतून जुनं कब्रस्तान दिसतं, कबरींचे दगड एकमेकांच्या अंगावर कलंडलेले, जागाच दिली नव्हती बिचाऱ्यांना. आणि एका इमारतीवर हिब्रू आकड्यांचं घड्याळ, ज्याचे काटे उलटे फिरतात. मला वाटलं हेसुद्धा आमच्या एजंटनेच बसवलं असणार.

"बंद कसं असेल?" मी मुलाला विचारलं. "तू चेक केलं नाहीस?"

"आई, मी ऑफिसमधून मरमरून सुट्टी काढली. प्रोग्राम तू आणि एजंटने ठरवला."

"आज्जी, इट्स ओके," नात म्हणाली, "वुई कॅन सी इट ऑनलाइन. दे हॅव ऑल द नेम्स ऑनलाइन."

"ऑनलाइनच बघायचं होतं तर मी शारजातच बसले असते की, पाय वर करून!"

माझा आवाज चढला असणार, कारण समोरच्या सिनेगॉगमधून प्रार्थना आटोपून बाहेर पडलेला एक म्हातारा थांबला. काळा कोट, काळी हॅट, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. इंग्रजी मोडकं पण व्यवस्थित. काय झालं, त्याने विचारलं. मी सांगितलं. "आज बंद. उद्या नऊला उघडेल," तो म्हणाला. "उद्या नऊला मी विमानात असेन," मी म्हणाले आणि चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. दोन्ही हात मागे बांधलेले ठेवून नुसता वाकला आणि कागद दुरूनच वाचायला लागला. खालच्या अक्षरांवर त्याची नजर अडली. ही कुठली लिपी? मराठी, मी म्हणाले, माझ्या बाईंनी लिहिली आहे, त्या तुमच्यापैकीच. हिंदुस्थानात? त्याने भुवया उंचावल्या. मराठी बोलणारे ज्यू?

बाई, तुम्ही मला ओळखता. भुवया उंचावलेल्या मला चालत नाहीत. मी त्या माणसाला फुटपाथवर उभं करून धडा दिला. सांगितलं की माझ्या बाईंचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले ते किती शतकांपूर्वी हे कोणालाच नीट सांगता येत नाही. त्यांची आडनावं गावांवरून, शेवटी 'कर' लावलेली, आमच्यासारखीच. ते खवल्यांचाच मासा खायचे, कोळंबीला शिवायचे नाहीत. तेलाचे घाणे चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, काही झालं तरी बंद, म्हणून कोकणातले लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे.

म्हातारा हसायला लागला. मला वाटलं कौतुकाने.

नात माझ्याकडे बघत होती. "सो यू न्यू, आज्जी," ती म्हणाली.

"काय न्यू?"

"दॅट सॅटर्डे इज क्लोज्ड."

बाई, त्या क्षणी मला तुमचं दार दिसलं. ठाण्याचं, निळ्या रंगाचं. मी नववीत आहे, निबंधस्पर्धेचा निबंध सोमवारी द्यायचा आहे, आणि मी शनिवारी दुपारी ऊन तुडवत तुमच्या दारात उभी आहे. कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी अर्धी शाळा असायची आणि तुम्ही यायचा नाहीत. मदरना तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत म्हणे, पगार कापा, शनिवार मागू नका. आम्ही पोरी त्याला बाईंची चैन म्हणायचो. तुम्ही दार उघडलंत. मी वही पुढे केली. तुम्ही हात पुढे केला नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधलेत आणि म्हणालात, "आज मी पेन धरत नाही. तू वाच, मी ऐकते. मोठ्याने वाच." मी तुमच्या पायरीवर बसून सगळा निबंध वाचला. तुम्ही मला थंड घावन आणि थंड नारळाचा रस दिलात आणि अकरा चुका सांगितल्यात. मी पेन्सिल काढली तशा तुम्ही कडाडलात, "माझ्या दारात आज लिहायचं नाही. डोक्यात ठेव." तेव्हाच तुम्ही मला शनवार तेल्यांची गोष्ट सांगितलीत. म्हणालात, "गावाला आमचा धर्म कोणता ते माहीत नव्हतं. आमचा बंद वार तेवढा माहीत होता. तोही पुरला." मी अकरा चुका पाठ म्हणत घरी गेले आणि पोचेपर्यंत नऊ राहिल्या. सोमवारी तुम्ही निबंध पाहिलात. "दोन विसरलीस," म्हणालात. "नेमक्या त्याच तू जन्मभर करशील."

म्हाताऱ्याने पुन्हा वाकून चिठ्ठीतलं नाव वाचलं. मोठ्याने, एकदा, रस्त्यावरच. मग हॅटला हात लावून निघून गेला. भला माणूस. पण मला त्याचाही राग आला. ते काम माझं होतं.

आता एजंटचं. तो आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर बसतो, केरळचा, पन्नाशीचा, कधी आवाज न चढवणारा, म्हणून आणखी चिडचिड होते. काल सकाळी फाईल घेऊन मी उतरले. "मॅडम, बैठिए, चाय मंगाऊँ?"

"चाय नहीं चाहिए. शनिवार को बंद रहता है, ये आपको मालूम नहीं था?"

"मालूम था, मॅडम."

"मालूम था?"

त्याने खणातून कागद काढला. त्याने टाइप केलेला पहिला कार्यक्रम. शुक्रवार, सकाळी नऊ: ज्यू वस्ती, सिनेगॉग, जुनं कब्रस्तान. शनिवार: नदीतली बोट. आणि त्यावर लाल पेनाने काट, बाण, आणि माझं अक्षर. शुक्रवारी नको, धार्मिक जागा आहे, बंद असेल, शनिवारी घ्या. 'बंद'खाली दोन रेघा. "मैंने बोला था मॅडम, फ्रायडे ओपन है," तो अगदी हळू म्हणाला, जणू मी आजारी आहे. "आपने बोला, मुझे मत सिखाओ."

बोलले असणार. हे वाक्य माझंच आहे. चाळीस वर्षं इथे राहून माझ्या डोक्यात देवाचा वार एकच उरला आहे, शुक्रवार. शुक्रवारी दुपारी रस्ते ओस, दुकानांची शटरं खाली, हे इतकं अंगात मुरलं की दुबईने सुट्टी शनिवार-रविवारवर नेली तरी माझ्या डोक्यातलं शटर शुक्रवारीच पडतं. जगातला कुठलाही देव म्हटला की मी आधी शुक्रवार टाळते. आणि शनिवार मला सांगणारी एकच बाई होती, जिने त्यासाठी दर महिन्याला पगार कापून घेतला. मी चहा घेतला, बाई. दोन साखर घालून, डॉक्टरने नको म्हटलेला.

मुलगा चांगला आहे. संध्याकाळी मी त्याला कागद दाखवला, तो म्हणाला, "खलास, आई. होतं असं. नेक्स्ट इयर जाऊ, इन्शाल्ला." इन्शाल्ला म्हणजे काय ते मला कळतं. गुडघ्यालाही कळतं.

पण आज दुपारी नात माझ्या खोलीत आली. ती पुढच्या वर्षी बर्लिनला शिकायला चालली आहे. पलंगावर मांडी घालून म्हणाली, "आज्जी, गिव्ह मी द चिठ्ठी. बर्लिनहून ट्रेनने जाता येतं. आय चेक्ड." मग माझ्याकडे न बघता, "अँड आय चेक्ड द टायमिंग्ज." ही जीभ कोणावर गेली आहे, हे सांगायला नको. मी म्हटलं, आधी नाव म्हणून दाखव. तिने वरची रोमन अक्षरं वाचली आणि तीन ठिकाणी घसरली. खालची तुमची अक्षरं तिला येत नाहीत, त्यात दोष तिचा नाही, माझा आणि तिच्या बापाचा. मी चुका सांगितल्या. तिने लगेच फोन उचलला लिहून घ्यायला. "डोक्यात ठेव," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते असं निघालं की तिने फोन खाली ठेवला. मग खोलीभर येरझाऱ्या घालत नाव म्हणत राहिली. पाचव्या वेळी बरोबर आलं. "हू वॉज शी?" तिने विचारलं, आणि मी तिला भायखळ्याची मॅडम, तिची बहीण, न आलेली बोट, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदाही तिने फोनकडे पाहिलं नाही. हे इथल्या मुलांच्या बाबतीत तुम्हाला समजणार नाही, पण हा फार मोठा मान आहे.

चिठ्ठी मात्र मी दिली नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय देऊ नकोस म्हणाला होतात. म्हणून हे पत्र.

आता एक राहिलं. शारजाला आल्यावर मी तुम्हाला पत्र टाकलं नाही. पहिल्या महिन्यात राहून गेलं, मग उशीर झाला म्हणून लाज वाटली, मग लाजेचीच सवय झाली. तुम्ही त्यानंतर तेरा वर्षं होतात. सगळ्या शारजाला पत्रांनी घाबरवून सोडणाऱ्या बाईने तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र आहे, आणि ह्याला पत्ता नाही. माझ्या कपाटात, चिठ्ठीच्या पाकिटाखाली ते राहील. दोन चुका मी जन्मभर करणार म्हणाला होतात. ही पहिली. शनिवार ही दुसरी.

तरी पद्धत ती पद्धत. सदर चिठ्ठी नातीच्या स्वाधीन करण्यास आपली परवानगी आहे किंवा नाही, हे लेखी कळवावे. मुदत शुक्रवार, चौदा नोव्हेंबर, सूर्य मावळायच्या आत. तोवर उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजून चिठ्ठी तिला देण्यात येईल. मुदत वाढवून मिळणार नाही. शनिवारी तुम्ही पेन धरत नाही.